आधी टाचा बघा, मग खोली : केअर सेंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

केअर सेंटर आणि वृद्धाश्रमांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करणाऱ्या आमच्या गटाने लिहिली आहेत.

प्रश्न : आईचं वय 81. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती पलंगावरच आहे. आम्ही दोघंही नोकरीला जातो. इंदुरात तीन केअर सेंटर पाहिली. तिन्हीकडे चकचकीत फरशी, टीव्ही, देवघर, हसतमुख मॅनेजर. निवडायचं कशावरून?
*— एक वाचक, सुदामानगर*

फरशी आणि देवघर पाहून झालं असेल तर आता तिथल्या सगळ्यात जास्त आजारी माणसाकडे जा. हिंडत्या-फिरत्या आजोबांची व्यवस्था बहुतेक ठिकाणी बरी असते, कारण ते मागून घेतात, रागावतात, मुलाला फोन लावतात. ज्या आजींना बोलता येत नाही, स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांच्या अंगावर त्या जागेचा खरा दर्जा दिसतो. परवानगी घ्या, आजींना नमस्कार करा आणि दोन मिनिटं पलंगापाशी उभे राहा. ओठ फाटलेले आणि जिभेवर जाड थर असेल तर तोंड रोज साफ होत नाही. कवळी नाव लिहिलेल्या डबीत आहे की चार जणांच्या कवळ्या एकाच भांड्यात? पाण्याचा पेला हात पोहोचेल तिथे आहे का, आणि कोणता हात? उजवं अंग लुळं पडलेल्या माणसाच्या उजवीकडे पेला ठेवला असेल तर तो फक्त आपल्याला दाखवायला आहे. युरीन बॅग मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. टाचा बघायला मिळाल्या तर जरूर बघा, त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. एखाद्या सेंटरने ‘त्यांच्या अंगावरची चादर परक्यासमोर काढणार नाही’ असं सांगितलं, तर वाईट वाटून घेऊ नका. तो नकार त्या सेंटरच्या बाजूने धरा.

वासाबद्दलही सांगायला हवं. आत्ताच कुणाचा डायपर बदलला असेल तर दहा मिनिटं वास राहणारच. गादीत, पडद्यात मुरलेला वास किंवा दिवसभर फिनाइलचा भपकारा ही वेगळी गोष्ट आहे.

पहिली भेट ठरवून द्या, दुसरी न सांगता. संध्याकाळी साडेसात-आठला जा, कारण तेव्हा दिवसाचा स्टाफ घरी गेलेला असतो, जेवणं आणि गोळ्या एकदमच चाललेल्या असतात. शिवाय एकदा सकाळी अकराला जा आणि किती जण अजून पलंगावरच आहेत ते मोजा. खुर्चीत बसवता येण्याजोगी माणसंही आडवीच दिसली, तर तिथे झोपवून ठेवणं हीच सोय आहे. तुमच्या आईसाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. सर्जनकडून एका कागदावर लिहून घ्या : पायावर किती भार द्यायचा, वॉकर कधीपासून. मग सेंटरला विचारा, ‘आईला रोज उभं कोण करणार, किती वेळा, आणि ते कुठे लिहिलं जाईल?’ ‘फिजिओ येतात’ हे उत्तर पुरेसं नाही. फिजिओ अर्धा तास येऊन जातो, उरलेले साडेतेवीस तास दीदी आणि भैया या मदतनीस मंडळींचे असतात. कमोडवर बसू शकणाऱ्या माणसाला डायपर लावून ठेवला, तर थोड्याच दिवसांत बसण्याची ताकदही जाते.

रात्रीच्या स्टाफचा हिशेब स्वतः करा. पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला, चादर सरळ करायला आणि डायपर तपासायला दोन माणसं आणि सहाएक मिनिटं लागतात. असे 20 जण असतील तर एक फेरी दोन तासांची होते. म्हणजे रात्री दोनच मदतनीस असतील, तर पहिली फेरी संपते तोवर दुसरी सुरू करायची वेळ झालेली असते. मध्ये कुणाला उलटी झाली, कुणी बेल वाजवली की सगळं कोलमडतं. तेव्हा ‘25 पेशंट बेडवर, रात्री दोन अटेंडंट आणि दर दोन तासांनी कूस बदलतो’ असं कुणी सांगितलं, तर त्यातली एक गोष्ट खरी नाही. मॅनेजर खोटं बोलतो असं नेहमीच नसतं. पुष्कळदा हा हिशेब त्यानेही कधी मांडलेला नसतो.

बाथरूममध्ये आधाराच्या दांड्यावर स्वतःचं वजन टाकून बघा, हलला तर तो शोभेचा आहे. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दाराला आतला माणूस अडून पडला, तर दार ढकलताच येत नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, तिथे नर्सिंग होमना सरकारच स्टार देतं, तसं इथलंही बघून घ्या. इथे असं काही आहे का?
*— एक वाचक, रामबाग*

अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होमसाठी किमान नियम घातले गेले आणि 2008 पासून एक ते पाच स्टार देण्याची पद्धत सुरू झाली. स्टार तीन गोष्टींवर ठरतात : तपासणीत काय सापडलं, स्टाफ किती, आणि राहणाऱ्यांच्या तब्येतीचे आकडे, जसं की किती जणांना बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) झाले, किती जण पडून जबर जखमी झाले, किती जणांना मनोविकारावरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत. यातले काही आकडे नर्सिंग होम स्वतःच कळवतात, त्यामुळे तिथेही निव्वळ स्टारवर विसंबून चालत नाही.

आपल्याकडे अशी यादी नाही. मध्य प्रदेशात रुग्ण दाखल करून उपचार करणाऱ्या नर्सिंग होमची नोंदणी 1973 च्या राज्य कायद्याखाली जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे होते. सेंटरमध्ये सलाईन, ऑक्सिजन, इंजेक्शनं चालत असतील तर ते प्रमाणपत्र आणि त्याची मुदत बघा. फक्त राहण्या-जेवणाची सोय असेल तर ट्रस्ट किंवा संस्थेच्या नोंदणीचा कागद दाखवतील. तो संस्थेबद्दल सांगतो, काळजीबद्दल नाही.

मात्र अमेरिकेत जे मोजतात ते तुम्ही तोंडी विचारू शकता. गेल्या सहा महिन्यांत इथे राहत असताना किती जणांना बेडसोर झाले? किती जण पडले? किती जणांचं वजन घटलं? किती जणांना लघवीची नळी आहे, आणि ती कशासाठी? उत्तर कसं येतं ते ऐका. ‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ यापेक्षा ‘चार जण पडले, त्यातले तिघं रात्री बाथरूमला जाताना, म्हणून आता झोपण्याआधी सगळ्यांना एकदा नेतो’ हे उत्तर देणारं सेंटर आम्ही निवडू. म्हातारी माणसं कुठेही पडतात. एकही नोंद नसणं याचा अर्थ बहुधा वही नसणं.

प्रश्न : सासूबाई एका केअर सेंटरमध्ये होत्या. माकडहाडाजवळ खोल जखम झाली. ती आम्हालाच अंघोळ घालताना दिसली. सेंटरवाले म्हणतात, वयामुळे होतंच, आम्ही काय करणार? हे खरं आहे का?
*— एक वाचक, लोकमान्यनगर*

बहुतांश बेडसोर टाळता येतात. आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत, किंवा रक्तदाब सांभाळणं कठीण झालेल्या आजारात, सगळं करूनही कातडी फाटू शकते. पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : जखम खोल झाल्यावर घरच्यांना दिसली. खोल जखम सहसा एका रात्रीत वर येत नाही. आधी लाली येते, मग साल जाते किंवा फोड येतो, मग खड्डा पडतो. म्हणजे पाठ कुणी पाहिलेली नाही, किंवा पाहून सांगितलेलं नाही.

होतं कसं, ते समजून घ्या. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. लाल झालेल्या जागी बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर ती पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणं, दुखणं हे बघा.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता पलंगाशी असतो. तो वाचायची एक रीत आहे. दुपारी चारला जा आणि सहाच्या चौकटीत आधीच खूण आहे का ते पाहा. दिवसभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने केल्या असतील आणि मध्ये ड्युटी बदलूनही सही बदलली नसेल, तर तो तक्ता एका बैठकीत भरलेला आहे. चारला ‘डावी कूस’ लिहिलंय आणि आजी उताण्या आहेत, तर आणखी काही विचारायची गरज नाही. चांगल्या तक्त्यात खाडाखोड असते, एखादी वेळ 4.20 असते, ‘जेवत होत्या, नंतर वळवलं’ असा शेरा असतो.

कुशीवर म्हणजे पूर्ण आडवं नव्हे. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कललेलं ठेवायचं, म्हणजे भार माकडहाडावरही येत नाही आणि खुब्यावरही. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, आडव्या चादरीने दोघांनी उचलायचं. जेवणाची वेळ सोडून पलंगाचं डोकं 30 अंशांपेक्षा वर ठेवलं, तर माणूस खाली घसरत राहतो आणि आतल्या आत कातडी ताणली जाते. टाचांसाठी पोटरीखाली लांबट उशी द्यायची, टाच हवेत राहिली पाहिजे. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे किंवा रबराची गोल रिंग ठेवायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. रिंगमुळे कडेच्या कातडीचं रक्त आणखी अडतं, तेव्हा ती काढायला सांगा. लाल जागा चोळायची नाही, त्यावर स्पिरिटही लावायचं नाही.

एअर बेड असला म्हणजे काम झालं असं समजू नका. पंपावरचा आकडा पेशंटच्या वजनाप्रमाणे लावलेला हवा. वर जाड गादी, मेणकापड आणि ताणून खोचलेली चादर असेल तर त्या हवेचा उपयोग राहत नाही. उताण्या पेशंटच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर गादी आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात घाला. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे, मध्ये इंचभर तरी हवेची गादी जाणवली पाहिजे. लाईट गेल्यावर तो पंप इन्व्हर्टरवर चालतो का, तेही विचारा. कूस बदलायला हवीच, एअर बेड असला तरी.

आता तुम्ही काय मागायचं? जखम पहिल्यांदा कधी नोंदली, तेव्हा लांबी-रुंदी किती सेंटिमीटर होती, डॉक्टरांना कधी दाखवली, घरी कधी कळवलं, या चार गोष्टी लेखी मागा. जखमेचा मोजपट्टी धरून फोटो दर आठवड्याला काढा. ड्रेसिंग करणारे रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतत असतील तर डॉक्टरांशी बोला, त्याने नवी येणारी कातडीही जळते. काळी खपली, दुर्गंधी, ताप किंवा भोवती पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी सर्जन.

प्रश्न : बाबा चार महिन्यांत फार वाळले. सेंटर म्हणतं, ते जेवतच नाहीत. वजन मागितलं तर ‘ठीक आहे’ एवढंच सांगतात.
*— एक वाचक, स्नेहलतागंज*

वजन किलोत सांगायचं असतं. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के घट झाली की डॉक्टरांनी बघितलंच पाहिजे. बाबा 54 किलोचे होते असं धरलं, तर महिन्यात 2.7 किंवा सहा महिन्यांत 5.4 किलो. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरसकट वजन करून खुर्चीचं वजन वजा करावं. तेही शक्य नसेल तर दर महिन्याला दंडाचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजून लिहावा. पोटरीचा घेर 31 सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू झडल्याची शंका घ्यावी.

‘जेवत नाहीत’ म्हणजे नेमकं काय, ते बघायला जेवणाच्या वेळी जा. भरवावं लागणाऱ्या माणसाला नीट भरवायला वीस ते तीस मिनिटं लागतात. असे आठ जण आणि भरवणारे दोघे असतील, तर शेवटच्या माणसाला तास-दीड तासाने गार झालेली खिचडी मिळते. मग घाईघाईत चार घास होतात आणि ताट उचललं जातं. कवळी ढिली झाली आहे का, तोंडात छाले आहेत का, तेही तपासा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि विस्मरणावरचं डोनेपेझिल ही दोन्ही औषधं काहींची भूक मारतात.

पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होत असेल, तर गिळण्यात अडचण आहे. अशा माणसाला सरळ बसवूनच भरवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, लहान घास, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. नाकातल्या नळीने भरवत असतील तरी डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी.

ताटाकडेही बघा. वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे. या वयात किलोमागे निदान 1 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे बाबांना रोज 54 ग्रॅमच्या आसपास. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात सहा-साडेसहा, एका अंड्यात सहा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं. पाणी, ताक, चहा मिळून दिवसाला दीड लिटर तरी पोटात जायला हवं, आणि इंदूरचा पारा मे महिन्यात 40 च्या पुढे गेला की त्याहून जास्त. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला पाण्याची मर्यादा दिली असेल तर तीच पाळा.

प्रश्न : कधीही भेटायला गेलो तरी वडील झोपलेले. आधी ते गप्पा मारायचे.
*— एक वाचक, अन्नपूर्णा रोड*

हा बदल एक-दोन दिवसांतला असेल तर वाट बघू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, साखर उतरणं, सोडियम कमी होणं, आणि पडल्यानंतर डोक्यात साकळणारं रक्त, या सगळ्यांत आधी ही झोपच दिसते. साखर 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट हॉस्पिटल.

हळूहळू झालेला बदल असेल तर औषधांची पूर्ण यादी मागा : नाव, डोस, वेळ, कुणी आणि कधी लिहिलं, कशासाठी. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावं शोधा, आणि सर्दी-खाजेची म्हणून दिलेली जुन्या पद्धतीची गोळीही विसरू नका. विस्मरण झालेल्या वृद्धांमध्ये क्वेटियापिनसारख्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच दिला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात, पण कमी दिवसांसाठी, ठरावीक कारणासाठी, घरच्यांना सांगून. रात्री एकच माणूस ड्युटीवर आहे हे कारण नव्हे. यादीत असं काही सापडलं तरी स्वतः बंद करू नका. अल्प्राझोलाम-क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि हो, वडिलांच्या मनगटांवर बँडेजने पलंगाला बांधल्याचे वळ नाहीत ना, तेही पाहा.

प्रश्न : आजीला विस्मरण आहे. पूर्वी उत्तम हिंदी बोलायची, आता फक्त मराठीच. सेंटरमधल्या दीदींना समजत नाही. काय करावं?
*— एक वाचक, नंदानगर*

विस्मरणात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, घरात शिकलेली राहते. इंदूरच्या मराठी घरांत हे होऊ शकतं, तेव्हा सेंटर निवडतानाच एखादी मराठी समजणारी बाई दिवसाला आणि रात्रीला आहे का ते विचारा. नसेल तर एक पुठ्ठा करून उशाशी लावा. आजी जे शब्द वापरतात तेच लिहा, शेजारी हिंदी अर्थ. ‘परसाकडे जायचंय’, ‘धाप लागते’, ‘भोवळ येते’, ‘आग होते’, ‘कालवतंय’. ‘पोटात कळ येते’ हे तर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण दीदीला ते ‘कल’ ऐकू येतं आणि ती ‘हां हां, कल आएंगे’ म्हणून निघून जाते. दुखणं बोलता येत नसेल तेव्हा ओळखायच्या खुणाही लिहा : कपाळाला आठ्या, हात झटकणं, कूस बदलताना कण्हणं. चहात साखर किती, झोपताना दिवा हवा की नको, पांघरूण पायावर घट्ट आवडत नाही, असल्या गोष्टीही त्याच पुठ्ठ्यावर. नवी दीदी आली की आधी तो वाचेल, असं मॅनेजरकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : करारात काय बघायचं? आणि तक्रार कुठे करायची?
*— एक वाचक, पलासिया*

महिन्याच्या पैशांत डायपर, औषधं, ड्रेसिंग, फिजिओ, रात्रीचा खास अटेंडंट यातलं काय धरलंय आणि काय वेगळं, हे एकेक करून लिहून घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, आजार वाढला तर ठेवतील की काढतील, हॉस्पिटलात कोण नेणार, मध्यरात्री फोन कुणाला जाणार, हेही लिहून हवं. ‘कोणत्याही दुखापतीस संस्था जबाबदार नाही’ या ओळीवर सही करायला नकार द्या.

तक्रार आधी मॅनेजरला लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाका. 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. नोंदणीचा प्रश्न असेल तर मुख्य वैद्यकीय अधिकारी. पैसे घेऊन सेवेत कसूर झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग : दोन वर्षांच्या आत, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रामुख्याने मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहासाठी आहे, सेंटरविरुद्धच्या तक्रारीसाठी नव्हे. तिथे जाऊन वेळ घालवू नका. अंगावर मारल्याच्या खुणा असतील तर फोटो, त्याच दिवशी डॉक्टरी तपासणी आणि पोलीस ठाणे. आपल्या माणसाला तिथून आधी हलवा, पत्रव्यवहार नंतर.